खाडीत मासेमारी करणाऱ्या 18 फुटी होडीला किती ताकदीचं इलेक्ट्रिक आउटबोर्ड घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांची 18 फुटी फायबरची होडी, वाघोटण खाडीत कांडाळ (मासे अडकवायचं जाळं) मारता, 9.9 एचपीचं पेट्रोल इंजिन थकलंय, तर तेवढ्याच ताकदीचं इलेक्ट्रिक घेऊ का. मी मालवण भागात आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, दुरुस्त करतो, हल्ली इलेक्ट्रिकही हाताखालून जातात. माझं सरळ मत, तेवढ्याच ताकदीचं घेऊ नका. आधी होडी कामाच्या वेगाने चालायला किती वॉट खाते ते मोजा, त्यावरून बॅटरी ठरवा. मोटर त्यानंतर बघा.

9.9 एचपी म्हणजे साधारण 7.4 किलोवॉट. एवढी ताकद हवी असते ती होडी पाण्यावर उचलून पळवायला. त्या ताकदीने चालवलीत तर 5 युनिटची (युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच, किलोवॉट-तास) लिथियम बॅटरी पाऊण तासही टिकणार नाही, आणि तिचंच वजन 45-50 किलो. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जवळपास 9 युनिटची ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरी कॅन भरून नेला की भागतं. बॅटरीत ती चैन नाही. पण वेग कमी केला की हिशोब पार बदलतो, कारण वेग दुप्पट करायला ढोबळमानाने आठपट ताकद लागते. तुमच्या लांबीची होडी 4 नॉटला, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास, आरामात चालते. साडेपाच नॉटच्या वर न्यायला गेलात की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि बॅटरी भसाभस उतरते.

आता मोजायचं कसं. मासळी तोलायचा टांगता डिजिटल काटा घ्या. शेजाऱ्याच्या होडीला 20 मीटर दोर बांधा, मध्ये काटा अडकवा, आणि पाणी थांबलेलं असताना, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात, तुमची होडी ओढून घ्या. जाळी, माणसं, बर्फाची पेटी, सगळं रोजच्यासारखं भरलेलं हवं. तुमचं इंजिन वर उचलून ठेवा. दोर थोडा बाजूला राहील असं बघा, नाहीतर पुढच्या होडीच्या पंख्याचं पाणी तुमच्यावर येऊन आकडा चुकतो. मोबाईलच्या जीपीएसवर वेग 4 नॉटला स्थिर ठेवा आणि काटा वाचा. जितके किलो दिसतील त्याला 40 ने गुणा, साधारण तेवढे वॉट चांगली मोटर बॅटरीतून ओढेल. (4 नॉटला दर किलो ओढीमागे पाण्यात 20 वॉट लागतात, आणि चांगल्या मोटरमध्येही पंख्यापर्यंत जाताना निम्मी वीज वाया जाते.) काट्यावर 12 किलो आले तर 480 वॉट. हीच मोजणी तळाला शेवाळ-कालवं धरलेली असताना आणि तळ खरवडल्यावर, अशी दोनदा करा. आकड्यातला फरक बघून तळ साफ ठेवायची सवय आपोआप लागेल.

480 वॉट धरले तर तीन तासांच्या चालीला दीड युनिट होतं. पण तेवढ्यावर बॅटरी घेऊ नका, कारण खाडीत पाणी थांबून राहत नाही. समजा उधाणाला समोरून येणाऱ्या पाण्याला 2 नॉटची ओढ आहे. 4 नॉटने चालणारी होडी जमिनीच्या हिशोबाने 2 नॉटने सरकते, म्हणजे 3 सागरी मैलांना दीड तास. तेच पाण्याबरोबर गेलात तर अर्धा तास. बॅटरी तिप्पट किंवा एक-तृतीयांश, फक्त वेळ निवडण्याने. ओहोटीबरोबर मुखाकडे जायचं आणि भरतीबरोबर परत यायचं हे तुमच्या वडिलांच्या अंगवळणी असणारच, इलेक्ट्रिकवर त्याची खरी किंमत कळते.

म्हणून तुमच्यासाठी मी 48 व्होल्टची, 3 किलोवॉटच्या आसपासची मोटर आणि 4 ते 5 युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी सुचवेन. रोज 500-600 वॉटवर चालवायचं, उरलेली ताकद वारा उलटला तर हाताशी. 1 किलोवॉटच्या मोटरवर 'तीन एचपीच्या तोडीची' असं लिहिलेलं असतं. तिचा पंखा मोठा असतो आणि सावकाश फिरतो, त्यामुळे मंद वेगात ती खरंच छान ढकलते, पण हिशोबाने ती 1.3 एचपीच आहे, मुखाशी ओढ लागली की कमी पडते. 12 व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरी तलावातल्या गळाच्या मासेमारीला ठीक, तुमच्या होडीला नकोत. शिवाय 3 किलोवॉटला 12 व्होल्टवर 250 अँपिअर लागतील, 48 वर 62च. वायर किती जाड लागेल याचा विचार करा. बॅटरीजवळच फ्यूज हवाच.

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. तुटलेलं तंगूस पंख्यामागे गुंडाळतं आणि ऑइल सील कापतं. पेट्रोल इंजिनात पाणी शिरून गिअरचं ऑइल दुधाळ होतं, ते बघून आपण सावध होतो. बऱ्याच इलेक्ट्रिकमध्ये मोटरच पाण्याखालच्या भागात असते, सील गेला की खारं पाणी थेट तिच्यात. दर आठवड्याला पंखा काढून मागे बघा. विकत घेतानाच विचारा की सील आणि गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा इथे मिळतो का, आणि मोटर खोलून दुरुस्त होते की अख्खा खालचा भाग बदलावा लागतो.

जाळ्याशी पोहोचलात की चुंबकाची सेफ्टी चावी (ती काढली की मोटर फिरत नाही) काढून खिशात घाला. पेट्रोल इंजिन जाळ्यात अडकलं की बंद पडतं. इलेक्ट्रिक मात्र शून्यापासून पूर्ण जोर लावतं, आवाजही करत नाही, आणि जाळं सोडवणाऱ्याचा हात पंख्याशी असतो. या एका बाबतीत घरातल्या कुणालाही सूट देऊ नका.

शाफ्ट 15 इंची की 20 इंची ते मागच्या फळ्याची उंची मोजून ठरवा. रोज गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात होडी वर काढली की बॅटरी घरात, निम्मी भरलेली ठेवा. मुखाबाहेर समुद्रात जात असाल तर जुनं पेट्रोल इंजिन अजून विकू नका.