कॉपी केलेला मजकूर कॉम्प्युटरवर साठवून नंतर पेस्ट करता येतो का? दुसरं काही कॉपी केलं की आधीचं कुठे जातं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. कुठेही जात नाही, पुसलं जातं. कॉपी केलेलं कॉम्प्युटर तात्पुरतं जिथे धरून ठेवतो त्या जागेला क्लिपबोर्ड म्हणतात, आणि त्यावर एका वेळी एकच गोष्ट मावते. नवीन आलं की जुनं संपलं. कालचा जो उतारा तुम्ही शोधताय तो तिथे नाही. तो ज्या पानावरून घेतला होता ते पान ब्राउझरच्या हिस्टरीत सापडतंय का ते बघा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतो. विंडोजचं बटण दाबून धरा आणि व्ही दाबा. पहिल्यांदा 'टर्न ऑन' असं विचारेल, हो म्हणा. तिथून पुढे जे जे कॉपी कराल त्याची यादी त्याच दोन बटणांवर उघडेल, हवं त्यावर क्लिक केलं की पेस्ट. संपलं. इथेच थांबले असते, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिसातले लोक म्हणतात, 'नोटपॅड उघडून त्यात टाकत जा, थोडी शिस्त लावून घे.' ते वाचलं आणि राहवलं नाही. हे 'शिस्त' प्रकरण मी फार जवळून पाहिलंय.

मी आधी जिथे काम करायचे तिथे अहवाल एका ऑनलाइन फॉर्ममध्ये भरावे लागत. आमच्या विभागात एक ताई होत्या. कामाला अत्यंत चोख, कीबोर्डकडे न बघता टाइप करणाऱ्या. एकदा दुपारभर बसून त्यांनी त्या फॉर्मच्या एकाच रकान्यात मोठा अभिप्राय लिहिला. सबमिट करण्याआधी शहाण्या माणसाने जे करावं तेच केलं: कंट्रोल+ए, कंट्रोल+सी. म्हणजे काही गडबड झाली तर मजकूर हाताशी असावा. मग सबमिट दाबलं. पानावर आलं, 'सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा.' लॉगिन करायला पासवर्ड हवा. तो वरून दिलेला, अर्धा आकड्यांचा आणि अर्धा चिन्हांचा, लक्षात राहणं शक्य नाही असा. तो एका फाइलमध्ये ठेवलेला. ताईंनी फाइल उघडली, पासवर्ड कॉपी केला, टाकला, आत गेल्या. रकाना रिकामा. त्या निवांत होत्या, कारण मजकूर कॉपी केलेला होता. कंट्रोल+व्ही. आणि त्या मोठ्या पांढऱ्या रकान्यात डावीकडे वर आला फक्त तो पासवर्ड.

कंट्रोल+झेड करून बघा, असं आता कुणी सांगेल. पान नव्याने उघडलं की आधीच्या पानावरचं अन्डू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, त्याच्याबरोबरच जातं. ब्राउझरचं मागे जायचं बटणही दाबून झालं, तिथेही रिकामाच रकाना. ताई एवढंच म्हणत राहिल्या, "अहो, मी कॉपी केलं होतं हो."

सिस्टीम सांभाळणारे सर आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कॉपी केलं होतं तर लगेच पेस्ट करायचं ना कुठेतरी. वर्डमध्ये लिहायचं, मग इथे आणायचं. शिस्त नको का?" ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सगळं पुन्हा टाइप केलं. मी बोलले. माझ्या कॉम्प्युटरवर क्लिपबोर्डचा इतिहास चालू होता. मी सरांना विंडोज+व्ही दाबून यादी दाखवली आणि म्हटलं, हे सगळ्यांकडे चालू असतं तर ताईंचा मजकूर यादीत वरून दुसरा सापडला असता. त्यांनी ती यादी बघितली, "हे कुणी चालू केलं?" असं विचारलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या ऑफिसात ती सोय धोरण लावून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग करून, बंद करून टाकली. माझ्याकडचीसुद्धा.

तेव्हापासून माझं जे मत आहे ते स्पष्टच सांगते. यात चूक वापरणाऱ्याची नाही, रचनेची आहे. फाइल डिलीट केली तर रीसायकल बिनमध्ये जाते. त्याच नावाची फाइल सेव्ह करायला गेलात तर 'आधीची बदलायची का?' असं विचारलं जातं. वर्ड बंद करायला गेलात तर 'सेव्ह करायचं का?' म्हणून अडवतो. एकटा क्लिपबोर्ड असा आहे की तासाभराचं काम आठ अक्षरांच्या पासवर्डखाली गाडतो आणि हूं की चूं करत नाही. कट करताना तर मूळ जागेवरूनही मजकूर गेलेला असतो, म्हणजे त्या क्षणी तो जगात फक्त क्लिपबोर्डवर असतो. अशा जागेला शिस्त शिकवायची सोडून माणसाला शिकवायची?

एकच जागा का, तर ज्या काळात हे ठरलं त्या काळात ते बरोबर होतं. कट, कॉपी, पेस्ट आज ज्या रूपात आपण वापरतो ते लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या मध्यावर 'जिप्सी' नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्राममध्ये, बसवलं. तो एडिटर एका पाठ्यपुस्तक प्रकाशनाच्या संपादकांसाठी बनवलेला होता. कागदाच्या पट्ट्या कात्रीने कापून दुसरीकडे चिकटवणं हे त्या संपादकांचं रोजचं काम. ज्या ऑल्टो संगणकावर हे चालायचं त्याची मेमरी साधारण 128 किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेवढ्यात एक तुकडा धरून ठेवला हीच मोठी गोष्ट. पुढे ॲपलने लिसा आणि मॅकिंतॉशमध्ये झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं रूढ केली आणि ती बोटांत बसली ती बसलीच.

पण मेमरी वाढल्यावरही एकच जागा राहिली, याचं समर्थन मला कुणी करून दाखवावं. प्रोग्रामर मंडळींच्या ईमॅक्स या एडिटरमध्ये कापलेल्या तुकड्यांची अख्खी साखळी फार पूर्वीपासून आहे, मागे मागे जाऊन हवा तो तुकडा काढता येतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2000 मध्ये बारा गोष्टी साठवणारा क्लिपबोर्ड आला, त्यापुढच्या एक्सपी आवृत्तीत त्या चोवीस झाल्या. वर्डच्या होम टॅबवर अगदी डावीकडे 'क्लिपबोर्ड' लिहिलंय, त्याच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाबा, तो आजही तिथेच आहे. पण खुद्द विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामसाठी हा इतिहास यायला 2018 चा ऑक्टोबर अपडेट, म्हणजे विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती, उजाडावी लागली. आणि आली तीही बंद अवस्थेत. ज्याला माहीत त्याने शोधून चालू करायची.

त्या यादीच्या मर्यादा माहीत असू द्या. पंचवीस गोष्टी राहतात, त्यानंतर सगळ्यात जुनी गळते. एक गोष्ट 4 एमबीपेक्षा मोठी नको. मजकूर आणि चित्रं राहतात, कॉपी केलेल्या फाइली राहत नाहीत. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की यादी साफ, फक्त पिन केलेलं, म्हणजे नोंदीवरच्या टाचणीच्या खुणेवर दाबून अडकवलेलं, उरतं. तुम्ही लिहिलंय की तेच चार-पाच परिच्छेद रोज वेगवेगळ्या ठिकाणी टाकावे लागतात, तर ते पिन करून ठेवा, तुमचं निम्मं काम तिथेच झालं. याहून जास्त हवं असेल, म्हणजे गेल्या महिन्यात कॉपी केलेलं शोधून काढायचं असेल, तर 'डिट्टो' नावाचा मोफत प्रोग्राम घ्या. तो सगळं डिस्कवर साठवतो आणि त्यात शब्द टाकून शोधता येतं. लिनक्सवर 'कॉपीक्यू' आहे, त्यातला केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर 'क्लिपर' आधीपासूनच असतो. मॅकला स्वतःची अशी सोय 2025 च्या टाहो आवृत्तीत स्पॉटलाइट या शोधायच्या सोयीत मिळाली, त्याआधीच्या मॅकवर 'मॅकी' टाका.

नोटपॅडचा सल्ला देणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. कॉपी केलं म्हणजे प्रत्येक वेळी सगळा मजकूर क्लिपबोर्डवर जाऊन बसतो असं नाही. बरेच प्रोग्राम फक्त 'माझ्याकडे अमुक आहे, मागाल तेव्हा देईन' एवढंच सांगून ठेवतात. एक्सेलमध्ये बघा. रकाने कॉपी केले की भोवती चालती तुटक रेघ दिसते. ती फिरतेय तोवर ठीक. मध्येच दुसऱ्या एखाद्या रकान्यात काही टाइप केलंत की रेघ गायब, आणि पेस्ट करायला गेलं तर हवं ते येत नाही. लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स पद्धतीत तर ज्या प्रोग्राममधून कॉपी केलं तोच बंद केला की मजकूरही त्याच्याबरोबर जाऊ शकतो. हे शिस्तीने कसं टळणार? नियमच माहीत नसेल तर पाळायचा कसा?

आता तुमचा दुसरा त्रास, पेस्ट केलं की फाँट, रंग, निळ्या लिंका सगळं सोबत येतं. कंट्रोल+शिफ्ट+व्ही दाबा. ब्राउझरमध्ये आणि नव्या वर्डमध्ये नुसता मजकूर उतरतो. एकाच कॉपीत तोच मजकूर साधा, सजवलेला आणि वेबचा अशा तीन-चार रूपांत ठेवलेला असतो, ज्याला जे रूप झेपतं ते तो उचलतो. नोटपॅडला फक्त साधं रूप कळतं, म्हणून तिथून फिरवून आणलं की रंग उडतो. नोटपॅडचा खरा उपयोग तेवढाच.

मराठी मजकुरात मात्र एक खाच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर तिच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँटमुळे ती मराठी दिसतात. साधी पेस्ट केली की फाँट गळून पडतो आणि समोर 'xksjs' छापाचा कचरा येतो... म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग पेस्ट करा. पीडीएफचं दुखणं वेगळं. तिथे ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. त्यात क्लिपबोर्डचा दोष नाही, पीडीएफ बनवतानाच अक्षरांची नोंद नीट झालेली नसते. तिथे बहुधा ओसीआर करणं, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घेणं, किंवा मूळ फाइल मागणं हेच उरतं.

आणि हो, सरांचंही थोडं खरं होतं, ते लिहिलं नाही तर अन्याय होईल. यादीत सगळं राहतं म्हणजे पासवर्डही राहतो. ताईंच्या मशीनवर इतिहास चालू असता तर अहवालाच्या वर तो पासवर्ड उघडा बसला असता, त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या कुणालाही दोन बटणांत दिसला असता. डिट्टोसारखे प्रोग्राम तर तो डिस्कवरच लिहून ठेवतात. त्यामुळे सायबरकॅफेत, सामायिक मशीनवर इतिहास चालू करू नका. बाकी ठिकाणी पासवर्ड फाइलमध्ये न ठेवता पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवा. चांगले मॅनेजर कॉपी करतानाच 'हे इतिहासात घेऊ नको' अशी खूण लावतात आणि काही सेकंदांत क्लिपबोर्ड पुसतात. चुकून काही राहिलं तर यादीतल्या त्या एका नोंदीपुढचे तीन टिंब दाबून ती काढता येते.

पण क्लिपबोर्डचा सगळ्यात मोठा धोका इतिहास बंद केल्याने तसूभरही कमी होत नाही. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून एक पान उघडतं, बटण दाबायला लावतं आणि मग सांगतं: विंडोज+आर दाबा, कंट्रोल+व्ही करा, एंटर मारा. बटण दाबताक्षणी त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर स्वतःची कमांड टाकलेली असते, आणि विंडोज+आरने उघडणाऱ्या, प्रोग्राम चालवायच्या चौकटीत ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कुठल्याही खऱ्या तपासणीत पेस्ट करावं लागत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, वेबवरून काही टाकण्याआधी मात्र नोटपॅडमध्ये जरूर टाकून बघा, दिसत होतं तेच आलंय का ते.

विंडोज+व्ही दाबल्यावर तुमच्याकडे चालू करायचं बटणच आलं नाही आणि सेटिंगमध्ये तो पर्याय पुसट दिसला, तर तुमच्याही ऑफिसात कुणी सर आहेत असं समजा. त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर एवढं सांगा की इतिहास ठेवणं आणि तो दुसऱ्या मशीनवर पाठवणं ही दोन वेगळी धोरणं आहेत. सिंक, म्हणजे ते पाठवणं, बंद ठेवून इतिहास चालू ठेवता येतो, बाहेर काही जात नाही. मी आमच्या सरांना ते दोन्ही पर्याय पडद्यावर दाखवले होते. "बघू," म्हणाले. मी ती नोकरी सोडली तोवर तरी बघितलं नव्हतं.