आधी मुलांना वाचू दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, सोबतची खर्चाची यादीही पाहिली. तालुक्यातल्या दोन लेखकांची मुलांसाठीची पुस्तकं यंदा आली, त्यातल्या एकाला पुरस्कारही मिळाला, आणि त्यांचा सत्कार आपल्याच माणसांनी, मुलांसमोर करायला हवा असं तुला वाटलं, याचा फार आनंद झाला. पण तू अडकलीस कुठे, तर पाहुणा कोण बोलवायचा आणि पत्रिकेत कोणाचं नाव वर घालायचं यात. जमलेले आठ हजार तू असे वाटलेस: हॉल तीन हजार, शाल-श्रीफळ आणि गुच्छ दोन हजार, बॅनर एक हजार, खाणं दोन हजार. पुस्तकांसाठी एक रुपया नाही! साठ मुलं समोर बसणार आणि त्यातल्या एकानंही ते पुस्तक उघडलेलं नसणार.

आधी मुलांना वाचू दे. बाकीचं मागाहून.

हिशेब असा कर. तीन शाळा, प्रत्येकीतली वीस मुलं. चार मुलांमागे एक प्रत धरली तर एका पुस्तकाच्या पाच प्रती एका शाळेला. दोन पुस्तकांच्या मिळून तीस प्रती. किंमत एकशेवीस असेल तर छत्तीसशे. प्रकाशकाला थेट फोन करून शाळांसाठी घेतोय असं सांगितलंस आणि पंचवीस टक्के सवलत मिळाली, तर सत्तावीसशेत काम होतं. हॉल सोड, बॅनर सोड. शाळेचं पटांगण किंवा देवळाचा सभामंडप पुरतो, फक्त वारा कुठून येतो ते आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघ. खाडीकडून वारा आला की वाचणाऱ्याचा आवाज मागच्या मुलांपर्यंत पोचत नाही. वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला मुलांना बसव, सतरंजीवर अर्धगोल करून, म्हणजे साठ जणांना माईक लागत नाही.

प्रती कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी शाळेत पोचायला हव्यात. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी किंवा बाईंनी दोन्ही पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची, एका वेळी पंधरा मिनिटं, जास्त नको. मग चौघांच्या गटात प्रत फिरेल, प्रत्येकाकडे तीन रात्री. बारा दिवसांत सगळ्यांची पाळी होते. उरलेल्या दिवसांत प्रत्येकानं लेखकाला एक प्रश्न लिहायचा.

बिघडतं ते इथेच. पहिलं म्हणजे प्रती कपाटात कुलूपबंद राहतात, ‘मुलं फाडतील’ म्हणून. प्रत्येक प्रतीच्या आत तुझ्या सहीची चिठ्ठी लाव: फाटलं तरी चालेल. दुसरं, प्रश्न फळ्यावर लिहून दिले जातात, आणि मग वीस चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न येतो, ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ मूल स्वतः वाचतं तेव्हा असं विचारत नाही. ते विचारतं, त्या पोरानं होडी परत का दिली, कुत्र्याचं पुढे काय झालं. मालवणीत विचारलं तर मालवणीतच राहू दे, कोणी सुधारू नये. लेखकाला याहून मोठा सत्कार कुठला?

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. पाहुण्यांशी माझं वैर नाही. पण मुलांच्या पुस्तकाच्या समारंभात मोठ्यांची भाषणं दीड तास आणि लेखकाच्या वाट्याला आभारापूर्वीची पाच मिनिटं, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की कोणाला खटकतही नाही. त्याची मला खंत आहे, आणि म्हणूनच पुन्हा सांगतो. साने गुरुजी आपल्या कोकणातल्या पालगडचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, हे व्यासपीठावरून सांगायला काय लागतं? तुझ्या तीन शाळांच्या कपाटांत करंदीकर-पाडगावकरांच्या बालकविता आहेत का, ते आधी बघून ये.

वेळ सव्वा तासाची ठेव. सत्कार पाच मिनिटं, एकेक फूल पुरे. दोन्ही लेखकांनी दहा-दहा मिनिटं स्वतःच्या पुस्तकातलं वाचायचं. मग मुलांचे प्रश्न, निदान अर्धा तास. शेवटी सह्या. एका सहीला अर्धा मिनिट धरलं तर साठ मुलांची एकच रांग अर्धा तास चालते, म्हणून दोन रांगा कर आणि त्याच वेळी पोहे वाट. साडेचार किलो पोहे साठ मुलांना होतात. लेखकांचं प्रवासभाडं पाकिटात घालून निघण्याआधी हातात दे, ‘नंतर पाठवते’ नको.

तारीख. बालदिन म्हणून १४ नोव्हेंबर धरू नकोस, पुष्कळदा तो दिवाळीच्या सुटीत किंवा तिला चिकटून येतो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सहामाहीच्या गडबडीत आणि भातकापणीत सापडतो. डिसेंबरचा पहिला आठवडा बरा, पण गावकऱ्यांना जत्रेची तारीख विचारूनच ठरव. जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं पेंगत असतात.

पत्रिकेत नावं पुस्तकांच्या अकारविल्हे घाल, वाद मिटतो. चित्रकाराचं नाव लेखकाच्याच आकाराच्या अक्षरात हवं. लहान मूल पुस्तक आधी चित्रातून वाचतं. पुरस्काराचं नाव, वर्ष आणि कोणत्या पुस्तकाला मिळाला हे नीट विचारून लिही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचे विभाग आहेत. याखेरीज ‘राज्यस्तरीय’ म्हणवणारे असंख्य आहेत. प्रवेशशुल्क होतं का आणि परीक्षक कोण होते, हे दोन प्रश्न विचार. उत्तरं नीट आली नाहीत तर पत्रिकेत पुस्तकाचंच नाव मोठं कर. तेवढं पुरेसं आहे, आणि मुलांनी वाचलेलं असेल तर त्यांना पुरस्काराचं काही पडलेलंही नसतं.

प्रती नंतर शाळांतच राहू देत, पण जूनपासून त्यांची काळजी घे. चित्रांच्या पुस्तकांच्या गुळगुळीत कागदानं ओलावा धरला की पानाला पान चिकटतं, सोडवताना रंग उपटून येतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, पुस्तकं दाटीनं कोंबू नकोस, उघडीप मिळेल तेव्हा सावलीत पानं उलगडून ठेव. उन्हात नको, पुठ्ठा वाकतो.

उद्या प्रकाशकाला फोन कर, परवा तिन्ही मुख्याध्यापकांना भेट. पाहुण्याचं नाव मला आता विचारू नकोस. मुलांच्या साठ चिठ्ठ्या हातात आल्या की मला कळव, मग त्यावर बोलू.

तुझा,
काका