बेळगावात जुना ॲक्रिलिकचा फिश टँक घेतलाय. आतून-बाहेरून ओरखडे आहेत, ते जातील का?

होय, जातात, ॲक्रिलिक काचेपेक्षा खूप मऊ असल्यामुळे घासून पुन्हा चकचकीत करता येतं. मी इथं ॲक्रिलिकच्या पाट्या बनवतो, त्यामुळं हे काम नेहमीचंच. आधी टँक रिकामा करून धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही ओरखड्यांसारखेच दिसतात, ते पांढऱ्या व्हिनेगरनं निघतात. मग ओरखड्यावर नख फिरवा. अडकत नसेल तर प्लास्टिकचं पॉलिश आणि मऊ सुती कापड पुरे. अडकत असेल तर गाड्यांच्या पेंटिंगला वापरतात तो वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) आणा आणि सतत पाणी मारत या नंबरांच्या क्रमानं घासा:

600 – 800 – 1000 – 1500 – 2000

आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका, सगळं काम इथंच बिघडतं. एकाच जागी न घासता आजूबाजूला पसरून घासा, नाहीतर खळगा पडतो आणि त्यातून मासे वेडेवाकडे दिसतात. बाहेरच्या बाजूला शेवटी तेच प्लास्टिकचं पॉलिश मारा, आतल्या बाजूला मात्र पॉलिश नकोच. तिथं 2000 नंतर 3000 नंबरपर्यंत घासलं की राहिलेला धूसरपणा पाणी भरल्यावर बराचसा दिसेनासा होतो. थिनर, स्पिरिट किंवा अमोनियाचं काच पुसायचं लिक्विड लावू नका, बारीक तडे जातात. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या, धातूला चकाकी देणाऱ्या बफिंग मशीनवरही देऊ नका. उष्णतेनं ॲक्रिलिक मऊ पडतं. मात्र जोडाजवळ तडे असतील तर घासून उपयोग नाही, आणि असा टँक पाणी भरायला सुरक्षितही नाही.