४६ लढाऊ विमानं आणि आयसातले ३,२२० पौंड

लेस्टरहून एका वाचकांनी विचारलं आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची ४६ डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) मॉडेल्स एकगठ्ठा मिळत आहेत. सगळी कॉर्गी या ब्रिटिश मॉडेल कंपनीची, १:७२ प्रमाणातली. नगाला सरासरी ७० पौंड, एकूण ३,२२०. कॅश आयसात (ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यात) ९,००० पौंड आहेत आणि घरखर्च महिन्याला २,४००. पाच वर्षांनी विकली तर नफा होईल, घेऊ का?

नफ्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. तुमच्या आयसात आज पावणेचार महिन्यांचा खर्च आहे. हा व्यवहार केलात तर ५,७८० उरतील, म्हणजे अडीच महिन्यांचाही नाही. नोकरी गेली तर पहिल्या आठवड्यात विमानं विकायला काढावी लागतील, आणि घाईच्या विक्रीत भाव नेहमीच पडतो.

आता एका मॉडेलचा हिशोब. ७० पौंड बँकेत ४ टक्क्यांनी राहिले तर पाच वर्षांत साधारण ८५ होतात. लिलावात विकताना १५ टक्के कमिशन धरलं, तर हातात ८५ येण्यासाठी बोली १०० पर्यंत जायला हवी. कमिशनवरचा व्हॅट, पॅकिंग, कुरिअर वेगळं. इथवर फक्त बँकेशी बरोबरी झाली.

अशा मॉडेल्सचा भाव सहसा तेवढा वाढत नाही. त्याचं मोठं कारण साचा. पोलादी साचा बनवायला महाग असतो, म्हणून कंपनी तोच पुन्हापुन्हा वापरते: रंगसंगती आणि स्क्वाड्रनची अक्षरं बदलली की नवं मॉडेल तयार. 'लिमिटेड एडिशन' ही मर्यादा त्या रंगसंगतीला असते, स्पिटफायर या विमानाच्या मॉडेलला नसते. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनचा (ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईचा) मोठा वर्धापन आला की स्पिटफायर, हरिकेन आणि मेसरश्मिट १०९ नव्याने बाजारात येतात. सुधारित साचा निघाला तर जाड पॅनेलरेषांच्या (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषांच्या) जुन्या मॉडेल्सची मागणीच उतरते. तुमच्या गठ्ठ्यात ही तीनच विमानं किती वेळा आली आहेत ते आधी मोजा.

विकणाऱ्याकडून डब्यांवरच्या 'एए'ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची यादी मागा. ईबेवर प्रत्येक क्रमांक टाकून 'सोल्ड' (विकलेल्या वस्तू) हा फिल्टर लावा. लोक काय मागतात ते नको, काय मिळालं ते पाहा.

मग माल हातात घ्या. डबा, आतला पारदर्शक ट्रे, स्टँड, चाकं आत घेतल्याचे आणि बाहेर काढल्याचे सुटे भाग, क्रमांकाचं कार्ड: यातलं एक जरी नसलं तरी भाव कापा. पंख्याची पाती आणि अँटेनाची काडी सर्वांत आधी मोडतात. पंखांच्या मुळाशी तिरप्या उजेडात बघा. रंगाखाली फोड किंवा केसाएवढी भेग दिसली तर तो झिंक रॉट असू शकतो: जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो आणि तडकतो. दमट पोटमाळ्यावर हे आणखी वेगाने होतं. यावर उपाय नाही. तो नग फुकट मिळाला तरी सोडा.

कराची चिंता इथे कमी आहे. ब्रिटनमध्ये वैयक्तिक वस्तू ६,००० पौंड किंवा कमी किमतीला विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. संच मात्र एकत्र मोजला जातो. विकण्यासाठीच सतत खरेदी करू लागलात तर तो धंदा ठरतो, आणि वर्षाची उलाढाल १,००० पौंडांवर गेली की ती कळवावी लागते.

हौस म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, मला त्यात गैर वाटत नाही. कमी वेळा निघालेली, डबा शाबूत असलेली सहा निवडा. ४२० पौंड होतील; तेही आयसातून न काढता महिन्याला ७० बाजूला टाकून. विकणारा 'सगळी घ्या नाहीतर राहू द्या' म्हणाला, तर राहू द्या.