मागच्या चाकाचा नट किती आवळावा?

प्रश्न : चेन ताणण्यासाठी मी मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा ॲक्सल नट घरीच सैल करतो. चालत्या गाडीत तो सुटेल या धास्तीने पुन्हा आवळताना पाना सगळी ताकद लावून ओढतो. या वेळी त्यानंतर चाक जड फिरू लागले आणि नट थोडा सैल केल्यावर मोकळे झाले. तो तसाच ठेवला तर चालेल का?

उत्तर : मुळीच चालणार नाही, आणि दोष सापडेपर्यंत कृपया गाडी रस्त्यावर काढू नका. ॲक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) आणि त्याचा नट हे स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या चौकटीच्या, दोन बाजू, स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या), बेअरिंगच्या आतल्या कड्या आणि त्या कड्यांमधली नळी या सर्वांना एका ओळीत घट्ट दाबून धरतात, तर चाक फिरते ते बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांवर. म्हणूनच जोडणी बरोबर असेल, तर नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत (फिरवण्याच्या जोरापर्यंत) आवळूनही चाक जड होत नाही. ते जड झाले, तर कारण दुसरीकडे शोधायचे असते.

तुम्ही फक्त चेन ताणली असल्याने पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. नट आवळताना ॲक्सल किंचित सरकतो आणि आधी बरोबर वाटलेली चेन ताठ होते. त्यामुळे तिचा सैलपणा नट पूर्ण आवळल्यानंतर पुन्हा मोजावा, तोही चाक हळूहळू फिरवत, कारण झिजलेली चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ असते. ड्रम ब्रेक असल्यास ॲक्सल मागे गेल्याने ब्रेकचा रॉडही ओढला जातो व शू ड्रमला घासू लागतात, म्हणून रॉडचा नट सैल करून पाहावा. एवढे करूनही चाक जडच राहिले, तर ते उतरवून आतली नळी आखूड झाली आहे का, बेअरिंग तिरपे बसले आहे का, हे तपासून घ्यावे लागेल.

आता ताकदीविषयी. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३० किलो वजनाइतका जोर दिला, तर नटावर सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो; लांब पाईप घातला तर तो कितीतरी वाढतो आणि आटे ताणले जातात. हाताच्या अंदाजावर या नटाच्या बाबतीत तरी मी विसंबणार नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टक’ वाजणारा पाना, घ्यावा आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा त्यावर लावावा. दुसऱ्या गाडीचा आकडा उसना घेऊ नये. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर आटे पुसून कोरडे ठेवावेत. तेल लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कने ॲक्सलवर अधिक ताण येतो. रेंच ‘टक’ वाजताच थांबावे, खात्रीसाठी पुन्हा ओढू नये.

ड्रम ब्रेकच्या गाडीत शेवटचा जोर देताना कुणाला तरी ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगावे, म्हणजे शू ड्रमच्या मध्यभागी बसतात. नटाला स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून भोकातून घालायची दुटोकी पिन) असेल तर दरवेळी नवी घालावी, आणि भोक जुळले नाही तर नट मागे न फिरवता दिलेल्या मर्यादेत किंचित पुढे न्यावा. त्यानंतर नटावरून स्विंगआर्मपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट जरासा जरी फिरला, तरी ती तुटलेली दिसते.