आरसी कारच्या, म्हणजे रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या ट्रॅकसाठी वर्गणी काढतोयस?
अरे, आधी ग्रुपवर क्यूआर कोड फिरवू नकोस. पुण्यात माणूस पैसे देतो, पण हिशेब विचारून. आमच्या आरसी कार क्लबची पहिली वर्गणी माझ्याच खात्यात जमा झाली. दोन महिन्यांत मी खजिनदार कमी, आरोपी जास्त! सात सभासद जमव, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली क्लब नोंदव, खातं क्लबच्या नावाने काढ, सह्या दोघांच्या ठेव.

मग जागा. अकरा महिन्यांच्या करारावर भुलू नकोस. किमान पाच वर्षांचा, नोंदणी केलेला हवा. नाहीतर ट्रॅक आपण बांधायचा आणि सपाट केलेला प्लॉट मालकाने विकायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून वर मुरूम, पाणी मारून रोलर, कडेने चर. या कामाचं कोटेशन सभेत छापून वाट, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

‘बघू’ म्हणणाऱ्याला यादीत धरू नकोस. कॉलेजच्या पोरांकडे पैसे मागू नकोस, रविवारी फावडं घेऊन बोलाव. काम दिवाळीनंतरच काढ. आमचा जूनमध्ये टाकलेला मुरूम जुलैत शेजारच्या ओढ्यात होता.