फोटोग्राफरचं काम, घर आणि सर्वांत जवळचा फोटो

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफीत उतरावं का, हे काम करणाऱ्याचं घरचं आयुष्य कसं असतं, आणि इतक्या वर्षांत काढलेला सर्वांत जवळचा फोटो कोणता. पहिल्याला मी हात लावत नाही. तुमच्या डोक्यावर हप्ते किती आणि घरात खाणारी तोंडं किती, ते तुम्हालाच ठाऊक. उरलेल्या दोन्हींवर मात्र बोलण्यासारखं भरपूर आहे.

मी २२ वर्षं या कामात आहे. सुरुवात एका स्टुडिओत मदतनीस म्हणून झाली, तेव्हा फिल्म अजून चालू होती. कॅमेरा हातात मिळायला वर्ष गेलं. तोवर माझं काम एवढंच, की धुतलेली फिल्म वाळली की सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर नंबर टाकायचा. शिवाय काउंटरवर येणाऱ्या 'मोठा करून द्या'वाल्यांना सांभाळायचं. ते एखादा जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे, मागच्या रांगेतल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आमचे वडील. एवढाच आहे." माणूस चार दिवसांपूर्वी गेलेला असायचा. आम्ही त्या फोटोचा फोटो काढून चेहरा वाढवायचो. पण मुळात जे टिपलंच गेलं नाही ते वाढवून कुठून येणार? फिल्मचे दाणे तेवढे मोठे व्हायचे आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके उमटायचे. मला वाटायचं, आता हे भांडणार. कुणीच भांडलं नाही. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहायचे, मग पिशवीत जपून ठेवून निघून जायचे.

आपल्या घरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, असं मी त्या काउंटरवरच ठरवलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी कामाचं. फोटो काढणं हा या कामातला छोटा आणि मजेचा भाग आहे. लग्नाच्या एका दिवसात मी अडीच-तीन हजार फ्रेम काढते, त्यातल्या चारशे-पाचशे ठेवायच्या असतात. निवडणं म्हणजे खरं तर टाकत जाणं. इथे डोळे मिटलेत, इथे कुणाचं कोपर आडवं आलंय, इथे सगळं जमलंय पण फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या पडद्यावर बसलाय. दोन-तीन रात्री यात जातात. मग रंग, मग अल्बमची मांडणी, मग "आमच्या काकूंचा एकही फोटो कसा नाही?" असा फोन. (काकू असतात. पाठमोऱ्या असतात.) कोटेशन, ॲडव्हान्सची आठवण, उरलेल्या पैशांची मागणी हे सगळं वेगळंच. उरलेले पैसे मागणं ही स्वतंत्र कला आहे आणि ती मला आजही येत नाही. म्हणून हल्ली शेवटचा हप्ता हातात आल्याशिवाय अल्बम छपाईला टाकत नाही.

शूट झालं की लगेच निवडायला बसायचं नाही, हे मी गॅरी विनोग्रँड यांच्याकडून उचललं. रस्त्यावरचे फोटो काढणारा हा अमेरिकन माणूस फिल्म मुद्दाम वर्षभर वगैरे पडू द्यायचा. काढतानाचा आनंद डोक्यातून उतरला की मगच फोटो चांगला की वाईट हे कळतं, असं त्याचं म्हणणं. मी फार तर आठवडा थांबू शकते, क्लायंट थांबत नाहीत. आणि विनोग्रँडच्या सवयीचं दुसरं टोकही आहे. १९८४ साली तो गेला तेव्हा त्याच्याकडे न धुतलेले साधारण २,५०० रोल निघाले. ३६ फ्रेमचा रोल धरला तरी नव्वद हजार फोटो, जे काढणाऱ्याने स्वतः कधी पाहिलेच नाहीत.

शरीराचं थोडक्यात: दोन कॅमेरे अंगावर, एकावर ७०-२०० लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. ती लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते, आणि हे सगळं दहा तास. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, हे मला डॉक्टरांच्याही आधी शिंप्याने सांगितलं.

घराचं असं, की लोकांचे आनंदाचे दिवस ते आपले कामाचे दिवस. माझ्या नवऱ्याने एका वर्षी कॅलेंडरवर माझ्या शूटच्या तारखा लाल पेनने रंगवल्या. सगळं झाल्यावर म्हणाला, मोकळे दिवस रंगवले असते तर शाई वाचली असती. मुलगी माझ्या हातात कॅमेरा दिसला की पाठ फिरवते. फोनवर काढलेला चालतो. तिच्या लेखी कॅमेरा म्हणजे आई कामावर आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी सुरुवातीला मी कुणाला सांगत नव्हते. मला समारंभ आठवत नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे असते, प्रत्येक माणूस भिंगातून पाहिलेला असतो, आणि महिन्याने कुणी विचारलं की पाटी कोरी. आपल्यातच काही कमी आहे असं वाटायचं. नंतर लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगाबद्दल वाचलं, २०१४ साली छापून आलेला. संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण जिथे एखाद्या बारकाव्यावर झूम करून फोटो काढायला सांगितला होता, तिथे ही घट दिसली नाही. माझं अगदी हेच. सगळा हॉल विसरलेला असतो, पण नवऱ्यामुलाच्या बाहीचं बटण लावताना त्याच्या बहिणीची थरथरणारी बोटं दहा वर्षांनीही डोळ्यांपुढे येतात.

आता माझी एक चूक. २०११ साली एका कुटुंबाच्या समारंभाचे सगळे फोटो मी घालवले. एकाच हार्ड डिस्कवर होते, ती डिस्क एका सकाळी टक-टक असा आवाज करायला लागली आणि संध्याकाळपर्यंत बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्यानेही हात टेकले. त्या घरी फोन करायला मला दोन दिवस लागले. पलीकडे बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "एकही नाही?" अकरा होते. नमुना म्हणून आधी ईमेलने पाठवलेले, लहान आकाराचे. ते पोस्टकार्डाएवढे छापले, पैसे परत केले, आणि त्या रस्त्याने जाणं मी बरीच वर्षं टाळलं. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. हा नियम या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. पाळायला लागतो तो अशी एक डिस्क गेल्यावर.

पोटापाण्याच्या कामाखेरीज जे करतो त्याला आम्ही 'प्रोजेक्ट' म्हणतो. त्याचे पैसे कुणी देत नाही आणि ते कधी संपेल हे सांगता येत नाही. निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरनी १९७५ मध्ये आपली बायको आणि तिच्या तीन बहिणींचा एकत्र फोटो काढला, आणि पुढे दरवर्षी एक, बहिणी त्याच क्रमाने उभ्या, असं चाळीस वर्षांहून जास्त काळ चालवलं. एवढी चिकाटी माझ्यात नाही. माझा प्रोजेक्ट सहा वर्षं चालला: वस्तू दुरुस्त करणारी माणसं. शिलाई मशीन, रेडिओ, छत्र्या, पेनं.

त्यातले घड्याळ दुरुस्त करणारे एक गृहस्थ सांगते. टेबलावर एकच दिवा, डोळ्याला भिंग अडकवलेलं, चिमट्यात बॅलन्स व्हीलची, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या चाकाची, स्प्रिंग. ती इतकी बारीक की दिव्याच्या एका बाजूने दिसायची आणि दुसऱ्या बाजूने नाही. मी जवळ वाकले तर मान वर न करता म्हणाले, "श्वास धरा. उडेल." उजेड कमी, शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढं उघडं, तेवढ्यात हात जरा हलला तरी फोटो हलतो, म्हणजे माझा श्वास आधीच धरलेला होता. दोघंही श्वास धरून, मध्ये ती स्प्रिंग. तेवढ्यात बाहेरून ट्रक गेला आणि टेबल हाललं. फोटो किंचित हललेला आहे. स्प्रिंग बरोबर बसली.

निघताना त्यांनी विचारलं, "हा मला मिळेल ना?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणून देते.

प्रिंट घेऊन गेले तीन वर्षांनी. दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. ते कुठे गेले हे शेजारच्यांनाही सांगता आलं नाही. तो प्रिंट अजून माझ्याकडेच आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी एक वही केली. कुणाला फोटो देईन म्हटलं, त्याचं नाव, तारीख आणि फ्रेमचा नंबर. दिला की रेघ मारायची. पहिल्या रात्री आठवून आठवून लिहिलं तर ५३ नावं झाली. आपण इतक्या सहज बोलून जातो, हे आकडा समोर आल्यावर कळलं.

यात मी एकटी नाही, आणि हे समाधानाने म्हणत नाहीये. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर काढलेला 'मायग्रंट मदर' तुम्ही नक्की पाहिला असेल: हनुवटीशी हात नेलेली आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या महामंदीची आठवण म्हणजे हाच फोटो, असं होऊन बसलंय. त्यातल्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं थेट १९७८ मध्ये. तेव्हा त्यांनी सांगितलं की फोटो काढणारीने माझं नावही विचारलं नाही, एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती कधी आली नाही. लँग सरकारी कामावर होत्या, दिवसाला कितीतरी मैल गाडी चालवत होत्या, मी त्यांना दोष द्यायला धजत नाही. पण वर्गात या फोटोची रचना शिकवतात, प्रकाश शिकवतात, आणि प्रत राहून गेल्याचं कुणी शिकवत नाही, याचा मला राग येतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

बाबा निवृत्त झाल्यावर माझ्या स्टुडिओत येऊन बसायला लागले. मी त्यांना कामाला लावलं. लाइट लावले की आधी ग्रे कार्ड धरून एक फोटो घ्यावा लागतो. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं समजून चालतं. पांढरे कपडे असले तर ते मळकट करतं, काळा कोट असला तर तो धुवट करतं. म्हणून पडलेल्या उजेडाचा १८ टक्के परत टाकणारा एक करडा पुठ्ठा धरायचा आणि त्यावरून मोजायचं. मॉडेल यायच्या आधी स्टुलावर बाबा, हनुवटीखाली पुठ्ठा. रोज विचारायचे, "आज चेहरा मोजायचाय की पुठ्ठा?" मी म्हणायचे, पुठ्ठा, हलू नका.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी शोधायला बसले, अगदी निश्चिंत मनाने. तीनशेच्या वर फोटो होते, सगळे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइलींत, सगळे मोठ्या आकाराचे. जवळपास प्रत्येकात छातीशी पुठ्ठा, आणि चेहऱ्यावर हलू नका सांगितलेल्या माणसाचा भाव. एकाच फ्रेममध्ये ते हसतायत. माझ्या हातून लाइटचा स्टँड पडला होता, ते खळखळून हसले, पुठ्ठा तिरका होऊन कॉलरला टेकला. आणि फोकस, अर्थातच, पुठ्ठ्यावर. त्याच्यावरची छापील अक्षरंसुद्धा वाचता येतात. डोळे किंचित धूसर आहेत.

तोच मोठा केला. गळ्याच्या खाली कापला, तरी खालच्या कोपऱ्यात करडी पट्टी राहिलीच. भेटायला आलेल्या एकांनी विचारलंही, हा शर्ट आहे का? सर्वांत जवळचा फोटो विचारलात, तो हा. तंत्राच्या कसोटीवर विद्यार्थ्याने आणला असता तर मी नापास केला असता.

आईला मात्र कापलेला पटला नाही. तिला एक छोटा हवाय, पर्समध्ये ठेवायला, पुठ्ठ्यासकट. म्हणाली, स्टुडिओतून आल्यावर सगळा वेळ त्या पुठ्ठ्याबद्दलच बोलायचे. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते.

वहीत सध्या सहा नावं बाकी आहेत. आईचं वरून दुसरं आहे, समोर तारीख गेल्या वर्षीची.